किती घाण

त्या रेकॉर्डवर ‘किती छान’ असं कोणीही म्हणत नाही. मी हे छातीठोकपणे सांगते, कारण तो आवाज माझा आहे आणि तोंडातून काय निघालं ते मला पक्कं आठवतं.

परवा नातीने फोन माझ्या नाकासमोर धरला. “आजी, बघ, तुझ्या वेळचं काहीतरी शिकवतोय हा.” एक दाढीवाला मुलगा ड्रमच्या मागे बसला होता. सांगत होता, हा जुना बोल आहे, चार ठोक्यांचा, पहिले दोन पळते आणि पुढचे दोन चालते. पूर्वीच्या एका रेकॉर्डवर वादक खुशीत येऊन स्वतःच पुटपुटतो, म्हणून याचं नावच ‘किती छान’ पडलं. मग त्याने वाजवून दाखवलं. कि-ति-छा-न, कि-ति-छा-न. चहात पडलेल्या बिस्किटासारखं. ‘छा’ म्हणताना जीभ सैल सुटते आणि तिच्यामागे मनगटही. ‘घा’ घशाच्या तळातून येतो, आणि काठीला जोर तिथूनच मिळतो.

“आजी, तोंड का वाकडं केलंस?”

“हा खोटं शिकवतोय. आणि ज्या वादकाबद्दल सांगतोय, त्यानेही खोटंच सांगितलं होतं.”

“मग खरं काय?”

खरं सांगायचं तर धुण्यापासून सुरुवात करावी लागेल.

आमची लॉन्ड्री एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या अंगाला होती. मध्ये फक्त एक अंगण आणि एक लोखंडी दार. वडील लवकर गेले, त्यांच्यानंतर आई आणि मी दोघीच ती चालवत होतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. रोज सकाळी हॉटेलातून गाठोडी यायची. टेबलक्लॉथ, नॅपकिन, चादरी, टॉवेल, स्वयंपाक्यांचे एप्रन. धुणं हे नंतरचं काम. पहिलं काम निवडण्याचं. मेणाचे डाग एका ढिगात, रश्शाचे दुसऱ्या, आणि ज्यांच्याकडे बघवत नाही ते सोड्याच्या पाण्याने भरलेल्या हंड्यात. आई एकेक कापड चिमटीत धरून उचलायची, उलगडायची, आणि प्रत्येक वेळी म्हणायची, “किती घाण.” रागाने नाही. देवाचं नाव घ्यावं तसं. माझं बालपण त्या दोन शब्दांवर गेलं. लोक टेबलावर काय करतात, नॅपकिनने काय काय पुसतात, हे ज्याने निवडलंय त्याला माणसांबद्दल फारसं आश्चर्य उरत नाही.

मीही तशीच झाले. दिवसातून वीस वेळा हात धुवायचे. कुणी माझ्या पेल्याला तोंड लावलं तर तो पेला मी पुन्हा वापरत नसे.

सकाळी दहाच्या सुमाराला धुतलेले टेबलक्लॉथ घेऊन मी हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये जायचे. संध्याकाळी तिथे दिवे, अत्तरं, गाणी असत. सकाळचा हॉल मात्र मीच पाहिलेला. फुलदाण्यांत सिगारेटची थोटकं, खुर्च्यांच्या खाली चिकटवलेली च्युइंगम, आणि स्टेजवर ट्रम्पेटवाले बसत तिथे छोटी छोटी डबकी. ट्रम्पेटमध्ये साचलेली थुंकी ते सरळ फरशीवर सोडत. ती रात्रभर तशीच. मी ती ओलांडून जायचे आणि श्वास रोखून धरायचे.

त्या सकाळच्या हॉलमध्ये एकच माणूस असायचा. ऑर्केस्ट्राचा ड्रमवाला. सगळे त्याला मास्तर म्हणत. साठीला आलेला, केसांना तेल थापलेलं, बोटं सॉसेजसारखी जाड. त्याच्या ड्रमच्या काठ्यांवर दातांच्या खुणा होत्या, कारण नोटेशनचं पान उलटताना तो काठी तोंडात धरायचा. गळ्यात एक टॉवेल. त्याने तो घाम पुसायचा, झांजा पुसायचा, नाकही पुसायचा. तो टॉवेल आमच्याच लॉन्ड्रीत यायचा, सोड्याच्या हंड्यात. मी त्याला लांबूनच नमस्कार करायचे.

तो मात्र वाजवायचा अप्रतिम. इतका गलिच्छ माणूस आणि इतका स्वच्छ हात, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

एके दिवशी मी कापडं घालत होते आणि तो तोच एक बोल पुन्हा पुन्हा वाजवत होता. मध्येच मला कानाला खटकलं. मी न राहवून म्हटलं, “मास्तर, तुमचा डावा लंगडतोय.”

तो थांबला. “काय म्हणालीस?”

“आमच्या रोलरचा एक दात तुटला होता ना, चादरी पिळायच्या रोलरचा, तेव्हा असाच आवाज यायचा. तीन बरोबर, चौथा उशिरा.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. नंतर कळलं की त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांतली ताकद चालली होती, आणि ऑर्केस्ट्रातल्या बारापैकी एकालाही ते ऐकू आलेलं नव्हतं. मग त्याने दोन्ही तळहातांवर थू थू केलं, हात एकमेकांवर चोळले आणि काठ्या उचलल्या.

माझ्या तोंडून गेलंच. “शी! किती घाण!”

“परत म्हण.”

“काय?”

“आत्ता म्हणालीस ते. तसंच म्हण. तोंड तसंच कर.”

“किती घाण.”

त्याने वाजवलं. कि-ति घा-ण. पहिले दोन टपटप, पुढचे दोन पाय टेकून. हुबेहूब. तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि खोकला टॉवेलात पुसला. “अगं बाई, वीस वर्षं मी हा बोल शिकवतोय, कुणाच्या जिभेवर बसत नाही! आणि ही कापडवाली येऊन सांगते. ये इकडे, फिनेल. हात पुढे कर.”

तेव्हापासून माझं नाव फिनेल पडलं.

मी काठ्या रुमालात धरल्या. त्याने रुमाल ओढून घेतला. “रुमालाने धरलीस तर काठी तुझी होणार नाही.”

“दुसऱ्या काठ्या नाहीत का?”

“आहेत. त्याही माझ्याच तोंडातल्या आहेत.”

शिकायचं कशाला, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पण पहिल्यांदा तो बोल माझ्या हातातून सरळ निघाला, फक्त एकदा, तेव्हा सगळ्या अंगावर काटा आला. जन्मभर मी दुसऱ्यांची घाण काढत आले होते. हे एकच असं होतं की ते माझ्या हातातून बाहेर पडताना स्वच्छ होतं.

मास्तरची शिकवण्याची रीत होती हळू वाजवण्याची. “इतकं हळू वाजव की तुला स्वतःचा कंटाळा आला पाहिजे. वेग मागून येतो, न बोलावता, पाहुण्यासारखा.” घरी ड्रम नव्हता. मी ओल्या टॉवेलांच्या ढिगावर वाजवायचे. ओल्या टॉवेलवर काठी उसळत नाही. प्रत्येक ठोका मनगटानेच उचलावा लागतो. महिनाभराने मास्तरच्या ड्रमवर वाजवलं तर काठ्या आपल्या आपणच नाचायला लागल्या. डावा हात बळकट व्हावा म्हणून मी केस डाव्या हाताने विंचरायचे, बाटल्यांची झाकणं डाव्याने उघडायचे, इस्त्रीही डाव्याने. दोन शर्ट जाळले.

“हाताला काय झालंय तुझ्या?” आई विचारायची.

“दमलाय.”

“डावा काम करतोय आणि दमलाय उजवा?”

तोंडाने मात्र सतत म्हणायचं, हा नियम. मास्तर म्हणायचा, “जीभ थांबली की हात चुकतो. वाजवताना म्हण, ओठांत म्हण, पण म्हण.” चार वेळा ‘किती घाण’ म्हटलं की गाण्याचे तीन ठोके भरतात. चौथ्या ठोक्यावर एकच थाप, मोठी. हे गणित बोटांत उतरायला मला एक उन्हाळा लागला. किती घाण, किती घाण, किती घाण, किती घाण, धप्प.

वेग आला, आणि वेगाबरोबर माजही आला. मी तो बोल सगळीकडे घालायला लागले. ऑर्केस्ट्राच्या सरावाच्या वेळी मी मागे एका जादा ड्रमवर बसायचे, आणि गायिकेच्या प्रत्येक ओळीनंतर किती घाण, किती घाण. पियानो वाजवणारा एक चष्मेवाला होता, त्याला सगळे चष्माच म्हणत. तो वैतागून म्हणाला, “हिला कुणीतरी गप्प करा रे, बाई गातेय का हिच्यासाठी टाळ्या वाजवतेय?”

मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाला, “कपड्यांना नीळ किती घालतेस?”

“बादलीला चिमूटभर.”

“मूठभर घातली तर?”

“कपडा मेला.”

“मग? गाणं म्हणजे कपडा नाही वाटतं?” आणि त्याने त्या पिवळ्या दातांनी हसत मला दाखवलं. संथ गाण्यात हा बोल एकदाच, तोही ड्रमच्या कडेवर, गायिका श्वास घेते तिथे. म्हणजे तिचा श्वास ऐकू येत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गाण्यानेच श्वास घेतला. जलद गाण्यात चारही सलग, पण धृपदाच्या तोंडाशी, दार उघडावं तसे. बाकी सगळा वेळ गप्प बसायचं. गप्प बसणं हेच अर्धं वाजवणं. खरं सांगते, इतकं शहाणं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. आणि ते सांगताना त्याच्या नखांत काळं होतं, आणि तेच नख तो दातांत घालत होता.

मग रेकॉर्डचं आलं. ऑर्केस्ट्राची एक रेकॉर्ड निघणार होती. गाणं ठरलेलं. त्या गाण्यात धृपदाच्या आधी ते चार बोल सलग, दोनदा. मास्तरच्या हाताला ते आता झेपत नव्हतं. हॉटेलच्या मॅनेजरला माहीत होतं, मास्तरला माहीत होतं, मला तर आधीपासूनच माहीत होतं.

“तेवढा तुकडा तू वाजव,” मास्तर म्हणाला.

“आणि संध्याकाळी? स्टेजवर?”

“रेकॉर्ड होऊ दे. पुढच्या शनिवारपासून तू स्टुलावर. हे माझं वचन.”

मला दुसरं काही नको होतं. ते स्टूल हवं होतं. दिव्यांत, सगळ्यांच्या समोर, कापडवाली म्हणून नाही. मी हो म्हटलं.

रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेमागे एक माणूस बसला होता. माझ्या ड्रमच्या वर एक मायक्रोफोन टांगला होता, माझ्या तोंडापासून हातभर. कुणी मला सांगितलं नाही की त्याला ओठांतलंही ऐकू येतं. मी शिकवल्याप्रमाणे वाजवलं आणि शिकवल्याप्रमाणे म्हटलं.

काचेमागचा माणूस बाहेर आला. “कोणीतरी बोलतंय मध्ये.” त्याने परत लावून ऐकवलं. ड्रमच्या खाली, अगदी बारीक, एका मुलीचा आवाज. तो कान देऊन ऐकत होता. मग हसला. “‘किती छान’ म्हणतंय! राहू दे, गोड आहे. वादक स्वतःच खूष झालाय.”

मी तोंड उघडणार तोच मास्तरने माझ्या पायावर पाय ठेवला.

रेकॉर्ड निघाली. पाकिटावर वादकांची नावं होती. ड्रमपुढे मास्तरचं. माझं कुठेच नाही. मी पाकीट उलटून पालटून पाहिलं, जणू आतल्या कागदावर कुठेतरी चुकून राहिलं असेल.

“आणि तो आवाज?” चष्म्याने सगळ्यांदेखत मास्तरला विचारलं. “बाईचा आवाज आहे तो.”

“आनंदात माझा आवाज चढतो,” मास्तर म्हणाला. घोगऱ्या, रंध्यासारख्या आवाजात म्हणाला.

चष्मा माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं. लाजेने नाही. त्या क्षणी मास्तरच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर मला ओकारी आली असती.

गाणं वाऱ्यासारखं पसरलं. रेडिओवर लागायचं, दुकानांत लागायचं. लोक त्या जागेची वाट बघायचे आणि बरोबर म्हणायचे, ‘किती छान, किती छान’. शनिवारी संध्याकाळी सहाला हॉल भरायचा आणि लोक तेच गाणं मागायचे.

आणि पुढच्या शनिवारी स्टूल? मॅनेजर म्हणाला, “बाईमाणूस पाय फाकवून ड्रमला बसणार? लोक इथे जेवायला येतात.” मास्तर म्हणाला, “पुढच्या शनिवारी. नक्की.” स्टेजच्या मागे एक जुना मखमली पडदा होता. माझा जादा ड्रम त्या पडद्यामागे हलवला गेला. ती जागा आली की मास्तर पुढे काठ्या हवेत फिरवायचा, चामड्याच्या बोटभर वर थांबवायचा, आणि मागे मी वाजवायचे. लोक त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या पडद्यातून गाळून, ओलसर होऊन माझ्यापर्यंत यायच्या.

त्या पडद्याबद्दल सांगते. तो कधीतरी लाल असावा. माझ्या नाकापासून वीतभर. ट्रम्पेटवाले जाता येता त्याला बोटं पुसायचे, वेटर तेलकट हात पुसायचे, कुणी नाक शिंकरलेलं असायचं, त्यावर कुणी सिगारेट विझवलेली. खालची झालर तर थुंकीच्या डबक्यांतून लोळून कडक झालेली. दिव्यांनी तापला की त्याला वास सुटायचा, जुन्या तोंडाचा वास. मी तोंडाने श्वास घ्यायचे, मग तो वास चवीला लागायचा. सात शनिवार मी त्या पडद्याची चव घेतली. आणि मनातलं खरं सांगायचं तर पडद्यापेक्षा मला स्वतःची जास्त शिसारी यायची. मी तिथे बसत होते. दर शनिवारी निघून जायचं ठरवायचे आणि सहा वाजता जाऊन बसायचे. कारण वाजवायला तेवढीच जागा होती.

आईला मी सांगायचे की जादा टेबलक्लॉथ पोचवायला जाते.

एके दिवशी दुपारी आम्ही दोघी रोलरवर चादरी लावत होतो. रेडिओवर ते गाणं लागलं. ती जागा आली. आईने रोलरची मूठ सोडली.

“हा तुझा आवाज.”

“आई, तो वादक—”

“मला शिकवू नकोस. आणि ‘छान’ नाही म्हणालीस तू. माझी पोर ‘घाण’ म्हणते ते मी ओळखणार नाही होय? माझ्याचकडून शिकलीस.” ती ओल्या चादरीवरच बसली. “डावा हात. टॉवेलांवरची ठकठक. जादा टेबलक्लॉथ. आणि मी मेली समजत होते की तुझं कुठे जुळलंय.”

मी सगळं सांगितलं. स्टूल, वचन, पडदा. मला वाटलं ती ओरडेल. तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, “चोर तो चोर, वर शिरजोर. नाव त्याचं, आवाज तुझा, आणि शब्द माझे.” नंतर एकदम कपाळाला आठी घालून, “तो पडदा शेवटचा आपल्याकडे कधी आला होता?”

“आला होता?”

“येतो की. तुझे बाबा असताना दर वर्षी यायचा. हॉटेलचं प्रत्येक कापड आपण धुतो. तो मागची कितीतरी वर्षं आलेला नाही.” तिने हात पुसले. “आपल्या धंद्याला शोभत नाही ते.”

शनिवारी सकाळी दहाला आम्ही दोघी शिडी घेऊन हॉलमध्ये गेलो. मास्तर नव्हता. आईने कड्या सोडल्या, मी खाली धरला. पडदा अंगावर कोसळला आणि धुळीने मला वीस शिंका आल्या. एकटीने उचलवेना, मेलेल्या जनावरासारखा जड. अंगणातून फरफटत नेला. हंड्यात टाकल्यावर पाणी पहिल्यांदा चहासारखं झालं, मग गटारासारखं, आणि वर सायीसारखा एक थर आला. त्या थरात दोन काडीपेट्या, एक खोटा दात आणि कुणाचातरी मोजा निघाला. आई काठीने ढवळत होती आणि प्रत्येक फेरीला म्हणत होती, “किती घाण.” तिला मी इतकी सुखात क्वचितच पाहिली.

संध्याकाळी पाचला मॅनेजर लोखंडी दारातून धावत आला. “पडदा कुठाय?”

“हंड्यात,” आई म्हणाली.

“आत्ताच्या आत्ता परत लावा!”

“ओला लावू? मखमल आहे, वाळायला तीन दिवस लागतात. साहेब, तुम्हीच कधीतरी हुंगून बघा त्याला, मग बोला.”

“आज शनिवार आहे!”

“घाणीला वार नसतो.”

तो माझ्याकडे वळला. “तू आज येऊ नकोस. ते गाणं आज होणार नाही.”

मी गेले. लॉन्ड्रीचा पांढरा एप्रन घालूनच गेले आणि माझ्या नेहमीच्या जागी बसले. फरक इतकाच की आता तिथे मला सगळा हॉल दिसत होता आणि सगळ्या हॉलला मी. पहिल्यांदाच मला कळलं की तिथे किती दिवे आहेत. लोक एकमेकांना कोपरं मारत होते. मास्तरने मान वळवली, मला पाहिलं आणि परत पुढे बघितलं. त्याच्या मानेवरून तेल आणि घाम एकत्र ओघळत होता.

चौथ्या गाण्यानंतर लोकांनी मागणी सुरू केली. मॅनेजर हात जोडून नाही नाही म्हणत होता. लोक टेबलं बडवायला लागले, “किती छान! किती छान!” गायिकेने खांदे उडवले आणि चष्म्याने, मुद्दामच असणार, सुरुवात वाजवली. आता माघार नव्हती.

ती जागा आली. मी काठ्या उचलल्या नाहीत. मास्तरने माझी वाट बघितली, अर्धा ठोका, एक ठोका. मग स्वतःच वाजवायला गेला. किती घाण, किती घ... डावा हात अडकला, काठी कडेला लागून उडाली आणि पुढच्या टेबलावर कुणाच्यातरी ताटात पडली. गाणं थांबलं. लोक हसायला लागले. तोंडात घास असलेले लोक, घास दाखवत हसत होते. इतके दिवस मी या क्षणाची वाट बघितली होती, आणि आता ते हसणं ऐकून मला त्या पडद्यापेक्षा जास्त किळस आली. ज्याने मला गप्प बसायला शिकवलं, त्याला ते हसत होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की तो काय वाजवायचा.

मास्तर वळला. डोळे लाल. पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली, फिनेल म्हणून नाही. “ये,” म्हणाला. “बस.” आणि स्टुलावरून उठला.

मी गेले. स्टूल कोमट होतं आणि ओलं. मी बसले. त्याने दुसऱ्या दोन काठ्या दिल्या, त्याही बुळबुळीत, दातांच्या खुणांसकट. पकड बसेना. पुसायला काही नव्हतं, एप्रन तर खळीने कडक. चष्म्याने पुन्हा सुरुवात केली, गायिका ओळीच्या शेवटाकडे निघाली, चार ठोके उरले, तीन उरले. माझे हात घसरत होते.

मी दोन्ही तळहातांवर थुंकले. थू, थू. सगळ्या हॉलसमोर. आणि चोळले.

बाजूच्या दारात आई उभी होती. तिचा आवाज, लॉन्ड्रीत सवय झालेला मोठा आवाज, सगळ्या हॉलला ऐकू गेला.

“शी! किती घाण!”

अगदी लयीत. मी तिथूनच उचललं.

वाजवून झालं तेव्हा टाळ्या पडल्या, या वेळी काही न गाळता. मास्तर माझ्या शेजारी उभा राहून सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता आणि म्हणत होता, “मी शिकवलं हिला! मी!” ते खरंच होतं. त्याने कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. एप्रनवर पाच बोटं उमटली. तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही. आईने सोडा लावून पाहिला, उन्हात घालून पाहिला.

“आणि मग पडदा?” नातीने विचारलं.

“लावला की परत, तीन दिवसांनी. लाल निघाला. बाजूला सारलेलाच असायचा.”

ती फोनवर काहीतरी लिहायला लागली. म्हणाली, त्या दाढीवाल्याला कळवते. मी म्हटलं, नावं नको कळवूस, फक्त सांग की ‘घा’ घशातून काढ. आणि हातावर थुंकू नको म्हणावं. ते मात्र खरंच घाण आहे.